घरातले संगणकाचे टेबल दाखवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला संगणकाचा कोपरा इतरांना दाखवण्याजोगा असतो, तो नेमका कशामुळे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुण्यामुंबईतल्या असंख्य दोन खोल्यांच्या घरांत जेवणाच्या टेबलाचेच कार्यालय झाले. कोणी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, तर कोणी चौरंग पुढ्यात ओढून भिंतीला पाठ टेकली. पुढे कार्यालये उघडली, तरी अनेकांनी तो कोपरा मोडला नाही. आधी खुर्ची बदलली, मग मॉनिटर आला, मग दिवा आला आणि दोन-तीन वर्षांत तिथे एक जागा आकाराला आली. अशी जागा छायाचित्र काढून इतरांना दाखवावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यात संकोचण्यासारखे काही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की टेबल दाखवताना ते कसे जमवले हेही दाखवावे. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत कपाट, पलंग आणि मुलांचा अभ्यास सांभाळून ही जागा कशी काढली, हे कळले तर पाहणाऱ्याला स्वतःच्या घरात काहीतरी करता येते. नुसत्या सुंदर छायाचित्रातून त्याला तेवढे मिळत नाही. पुढची सगळी उत्तरे हे मनात धरूनच लिहिली आहेत.

माझे सामान महागडे नाही. तरीही दाखवावे का?

अवश्य दाखवावे. कमी खर्चात जमवलेल्या टेबलाकडून शिकण्यासारखे अधिक असते, असा माझा अनुभव आहे. टीव्हीएसचा गोल्ड कीबोर्ड हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. औषधांच्या दुकानात, बँकेत, तिकीट खिडकीवर खडखड वाजणारा तो काळा कीबोर्ड आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या आत चेरी या जर्मन कंपनीचे निळे मेकॅनिकल स्विच, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचा स्वतंत्र खटका, असत, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक हौशी लोकांचा तोच पहिला मेकॅनिकल कीबोर्ड ठरला. वडिलांच्या दुकानातला जुना गोल्ड स्वच्छ करून कोणी आपल्या टेबलावर मांडला असेल, तर ते टेबल मी पाच मिनिटे थांबून पाहतो.

जुन्या मॉनिटरांचेही तसेच आहे. कंपन्या काही वर्षांनी आपले मॉनिटर घाऊक विकतात आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीसारख्या बाजारांत पोहोचतात. असा मॉनिटर घेताना दुकानातच पडदा एकामागून एक पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा करून पाहावा, म्हणजे मेलेले किंवा एकाच रंगावर अडकलेले ठिपके (पिक्सेल) लगेच दिसतात. पडद्याच्या कडांना पिवळसरपणा आहे का, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची जागा आहे की केवळ जुने व्हीजीए आहे, आणि मूळ स्टँड सोबत मिळतो का, या तीन गोष्टी विचारूनच पैसे द्यावेत. ही माहिती टेबलासोबत लिहिली, तर तुमचा जुना मॉनिटर दहा जणांच्या उपयोगी पडतो.

घरात आजोबांचे सागवानी टेबल असेल, तर ते झाकण्यासाठी नवा पत्रा किंवा सनमायका लावण्याची घाई करू नये. मेण किंवा पॉलिशचा एक हात दिला की ते लाकूड कोणत्याही नव्या फळीपेक्षा छान दिसते.

टेबलाच्या वर्णनात काय लिहावे?

सामानाच्या नावांआधी मापे लिहावीत. टेबलाची लांबी, खोली (म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर) आणि जमिनीपासूनची उंची, मॉनिटरचा आकार, पडद्यापासून डोळ्यांचे अंतर, खिडकी कोणत्या बाजूला आहे, आणि दिवसातले किती तास तिथे कोण बसते, एवढे लिहिले की निम्मे काम झाले. आपल्याकडे सुतार सहसा चार फूट बाय दोन फुटांचे, म्हणजे सुमारे १२० बाय ६० सेंटिमीटरचे टेबल सुचवतो. टेबलाची दोन फुटांची खोली २४ इंची मॉनिटरला पुरते. मात्र मॉनिटरचा स्टँड पसरट असेल, तर पडदा पुढे येतो आणि कीबोर्डला जागा उरत नाही. अशी अडचण आली असेल, तर ती लिहावी. ती कशी सोडवली हेही लिहावे.

उंचीबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो, कारण छायाचित्रात ती कधीच कळत नाही आणि अंगदुखीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. तयार टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या व्यक्तीला ही उंची टंकलेखनासाठी जास्त होते. खांदे नकळत वर उचलले जातात आणि संध्याकाळपर्यंत मान भरून येते. खुर्ची वर घेतली तर पाय अधांतरी राहतात. यावर आपल्या घरात जुनाच उपाय आहे, तो म्हणजे पायाखाली लाकडी पाट घेणे. कोपर काटकोनात, मनगट सरळ, तळपाय टेकलेले आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अशी बैठक जुळली की मगच टेबलाची उंची बरोबर आहे असे म्हणावे. एका घरात नवरा सहा फूट आणि बायको पाच फूट एक इंच असेल आणि दोघे एकच टेबल वापरत असतील, तर ते दोघांना कसे जुळवले, हे वर्णन मला कोणत्याही दिव्यांच्या रोषणाईपेक्षा मोलाचे वाटते.

मॉनिटर २४ इंचांचा बरा की २७ इंचांचा?

मराठीत बराच मजकूर वाचायचा आणि लिहायचा असेल, तर आकारापेक्षा ठिपक्यांची दाटी आधी पाहावी. २४ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके असतील, तर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले, तर इंचाला जेमतेम ८२ उरतात. इंग्रजी अक्षरांना हा फरक सोसतो, पण देवनागरीत अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि जोडाक्षरांचे बारीक दुवे असतात. 'कर्तृत्व' किंवा 'दृष्टिकोन' हे शब्द लहान आकारात अशा पडद्यावर वाचून पाहावेत, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. २७ इंचच हवे असतील, तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा मॉनिटर घ्यावा. त्यात इंचाला सुमारे १०९ ठिपके मिळतात आणि अक्षर रेखीव दिसते. आपला पडदा दाखवताना त्यावर चित्राऐवजी एखादा मराठी परिच्छेद उघडा ठेवला, तर पाहणाऱ्यांना खरा अंदाज येतो.

मॉनिटर आर्म बसवताना काय तपासावे?

मॉनिटर आर्म म्हणजे टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळून बसवायचा, मॉनिटर अधांतरी धरणारा हात. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार स्क्रूंची जागा असते आणि दोन स्क्रूंमधले अंतर ७५ किंवा १०० मिलिमीटर असते. स्वस्त मॉनिटरांत ही जागा कधी कधी नसतेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टेबलाची फळी. १८ मिलिमीटरची भरीव प्लायवूडची फळी आर्मचा शिकंजा सहज पेलते. काही तयार टेबलांची फळी मात्र आतून पोकळ असते आणि पोकळीत मधाच्या पोळ्यासारखा कागद भरलेला असतो. माझे पहिले टेबल तसेच होते. विकणाऱ्याने फळी भरीव असल्याचे सांगितले होते, मीही ठोकून पाहिले नाही आणि शिकंजा आवळताच वरचा थर खचला. फळी बोटाने ठोकून आवाज ऐकावा, आणि शंका असेल तर शिकंज्याच्या वर आणि खाली पोलादी पट्टी किंवा प्लायचा तुकडा द्यावा. काचेच्या टेबलावर आर्म लावूच नये.

मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का, आणि त्यावर मराठी अक्षरे असावीत का?

तासन्‌तास लिहिणाऱ्याने एकदा तरी वापरून पाहावा. स्विचांचे ढोबळ प्रकार तीन आहेत. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी स्विचला मध्ये हलका अडथळा जाणवतो आणि निळा स्विच अडथळ्यासोबत टक्‌ असा आवाज करतो. घरात तान्हे मूल असेल किंवा त्याच खोलीत कोणी झोपत असेल, तर निळ्याचा मोह टाळावा.

मराठी अक्षरांचा प्रश्न मला फार जवळचा आहे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट हा कळांच्या मांडणीचा आराखडा देवनागरीसारख्या भारतीय लिप्यांच्या घडणीवर बेतलेला आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताखाली, आणि क-ख, त-थ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्या एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली की महाप्राण उमटतो. ज्यांनी टंकयंत्रावर शिक्षण घेतले, त्यांच्या बोटांना रेमिंग्टन आराखडा बसलेला असतो आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचा वर्ग तर सर्वांत मोठा आहे. यातले आपण काय वापरतो, ते टेबल दाखवताना जरूर सांगावे, कारण हा तपशील जवळजवळ कोणीच देत नाही. कीबोर्डवर अक्षरे कोरलेली नसतील, तर पारदर्शक स्टिकर चिकटवता येतात. शिकताना दोन महिने ते उपयोगी पडतात आणि नंतर नजर खाली जातच नाही. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले. विंडोजमध्ये इंग्रजीचा भारतीय आराखडा निवडलेला असेल, तर उजवी ऑल्ट आणि ४ एकत्र दाबून ते उमटवता येते.

छायाचित्र काढण्याआधी वायरी लपवाव्यात का?

वायरी आवराव्यात, पण सुरक्षितपणे आवराव्यात, आणि कशा आवरल्या त्याचे टेबलाखालचे एक छायाचित्र जरूर द्यावे. बऱ्याच देखण्या टेबलांच्या मागे मी एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा खोचलेला पाहिला आहे आणि ते पाहून काळजी वाटते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि साध्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपिअर, म्हणजे सुमारे १३८० वॉट असते. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉट, २४ इंची मॉनिटर साधारण २० ते ३० वॉट आणि राउटर व दिवा मिळून आणखी थोडे, एवढा भार एका चांगल्या स्पाइक गार्डला सहज झेपतो. त्याच बोर्डवर इस्त्री किंवा हीटर लावला की हिशेब बिघडतो. गेम खेळण्यासाठी मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक असेल, तर त्याला भिंतीवरचे स्वतंत्र सॉकेट द्यावे.

अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग तुटलेले असते. अशा घरात टेबल सजवण्याआधी ते काम करावे. स्पाइक गार्ड कापडात गुंडाळून किंवा बंद डब्यात कोंबून ठेवू नये, त्याची उष्णता बाहेर पडली पाहिजे. वायरी एकत्र बांधायला प्लास्टिकच्या टायपेक्षा वेल्क्रोची पट्टी बरी, कारण दर दोन महिन्यांनी काहीतरी काढघाल करावीच लागते. फळीच्या खालच्या बाजूला पत्र्याची जाळीदार पन्हळ स्क्रूने बसवली की बोर्ड जमिनीवरून उचलला जातो आणि झाडूपोछा करताना पाण्याचा धोका उरत नाही. आपल्याकडे लादी रोज पुसली जाते, म्हणून मला ही गोष्ट सर्वांत उपयोगाची वाटते.

यूपीएस घेताना पेटीवरचा व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि प्रत्यक्ष वॉट यांत गल्लत होऊ देऊ नये. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते आणि लेझर प्रिंटर त्यावर कधीही जोडू नये.

चांगले छायाचित्र कसे काढावे?

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, खिडकीतून मऊ उजेड येत असताना आणि घरातले दिवे बंद ठेवून काढलेले छायाचित्र बहुतेक वेळा सर्वांत खरे येते. मोबाइलची रुंद कोनाची भिंग वापरली, तर खोली प्रशस्त दिसते, पण टेबलाचे कोपरे ताणले जातात आणि मॉनिटर वाकडा वाटतो. दोन पावले मागे जाऊन नेहमीच्या भिंगाने काढावे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर न धरता टेबलाच्या फळीपेक्षा एक-दीड फूट वर धरला, तर मांडणी नीट समजते. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतका कमी करावा, नाहीतर पडदा पांढरा फटक आणि बाकी सगळे काळे येते.

रात्री काढलेल्या छायाचित्रांत आडवे काळपट पट्टे येतात, अशी तक्रार अनेक जण करतात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि मोबाइल ते पट्ट्यांच्या रूपात टिपतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात. रंगीत दिव्यांची पट्टी लावली असेल, तर एक छायाचित्र ती लावून आणि एक बंद करून द्यावे, म्हणजे लाकडाचा आणि भिंतीचा खरा रंग कळतो.

छायाचित्रात काय दिसू देऊ नये?

राउटरच्या तळाशी छापलेला पासवर्ड, वस्तूंचे अनुक्रमांक, कंपनीचे ओळखपत्र, पडद्यावर उघडी राहिलेली ईमेल, पिवळ्या चिठ्ठीवरचे फोन क्रमांक आणि पार्सलच्या खोक्यावरचा पत्ता, हे सगळे आधी उचलून ठेवावे. खिडकीतून समोरच्या इमारतीचे नाव दिसत असेल, तर पडदा ओढावा. मोबाइल अनेकदा छायाचित्राच्या आत ठिकाणाची नोंदही करतो. पाठवण्यापूर्वी ती काढून टाकावी. घरातली मुले चौकटीत येत असतील, तर पुन्हा एकदा काढावे.

कोकण-गोव्यात आणि विदर्भात राहणाऱ्यांनी वेगळी काय काळजी घ्यावी?

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते, की भिंतीला चिकटवलेल्या टेबलाच्या मागे बुरशी धरते आणि लोखंडी पायांना गंज चढतो. टेबल भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे, पायांना रंगाचा हात द्यावा आणि संगणक आठवडाभर बंद न ठेवता रोज थोडा वेळ चालू करावा, कारण त्याच्या स्वतःच्या उबेने आतला ओलावा हटतो. कॅमेरा आणि माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत.

नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे किंवा गवताच्या जाळ्यांचे कूलर लागतात. कूलरची ओली हवा थेट संगणकावर येऊ देऊ नये. तिच्याबरोबर आलेले क्षार आणि धूळ आत पंख्यांवर थापून बसतात. टेबल कूलरच्या झोताच्या कडेला असावे. विदर्भातल्या कोणी आपले टेबल दाखवले, तर कूलर कुठे आहे हे मी आधी विचारतो.

खंडेनवमीला संगणकाची पूजा केली, तर ते छायाचित्र दाखवावे का?

जरूर दाखवावे. आश्विन शुद्ध नवमीला आपल्याकडे शस्त्रांची आणि कामाच्या अवजारांची पूजा होते, आणि ज्याचे पोट संगणकावर चालते त्याने कीबोर्डसमोर हात जोडावेत हे मला अगदी योग्य वाटते. फक्त हळदकुंकू कळांच्या फटीत किंवा यूएसबीच्या भोकात जाऊ देऊ नये. गंध संगणकाच्या बाजूच्या पत्र्याला लावावे. झेंडूचा हार हवा खेचण्याच्या जाळीवर घालू नये, फुले कोरडी असावीत आणि निरांजन वायरींपासून हातभर दूर ओवाळावे. पूजेच्या वेळी वीज बंद ठेवली तर उत्तम.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी सामान नेता-आणताना काय पाहावे?

चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापलेले असेल, तर तो कुठेही चालतो, फक्त पिनेचा जोड लागतो. यूपीएस, लेझर प्रिंटर आणि काही टेबलदिवे मात्र एकाच व्होल्टेजसाठी बनवलेले असतात; अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज असते, त्यामुळे तिथला लेझर प्रिंटर पुण्यात आणून लावणे धोक्याचे आहे. जर्मनीत घेतलेल्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात, हे घरच्यांसाठी भेट आणताना लक्षात ठेवावे.

दुसऱ्याचे टेबल पाहताना काय विचारावे?

किमतीपासून सुरुवात करू नये. खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो का, दुपारी तिथे बसवते का, पाठ दुखायची थांबली का, घरातली आणखी कोणी माणसे ते टेबल वापरतात का, असे विचारावे. धोकादायक वायरिंग दिसले, तर मोकळेपणाने पण सौम्यपणे सांगावे. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीने पहिल्या पगारातून घेतलेला साधा मॉनिटर हौसेने दाखवला असेल, तर आधी मनापासून कौतुक करावे आणि सूचना तिने विचारल्यावरच द्याव्यात.

एकदा दाखवलेले टेबल पुन्हा दाखवावे का?

सहा महिन्यांनी किंवा वर्षभराने, त्याच कोनातून पुन्हा छायाचित्र काढून दाखवावे. नवे असताना सगळेच टेबल नेटके असते. वर्षभरात कोणती वस्तू अडगळीत गेली, कोणती बिघडली, खुर्चीचा फोम किती बसला, सनमायकाची कड कुठे सुटली आणि कोणती स्वस्त वस्तू अनपेक्षितपणे टिकली, हे लिहावे. माझ्या टेबलावर आज मूळच्या सामानातला फक्त दिवा उरला आहे, आणि पायाखाली आईकडून आणलेला पाट आहे.